हौद्यातला मुक्काम

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते. देवीची पालखी आमराईत येते, चुन्याचे खडे वेचायला माणसांची झुंबड उडते आणि आसपासच्या मोकळ्या वावरांत गाड्यांची दाटी होते. त्यांतली एखादी पिकअप जवळून पाहण्यासारखी असते. हौद्याच्या आतल्या अंगाला पाऊण इंची पाइपच्या तीन-चार कमानी खोवलेल्या. त्यांवर ताडपत्री, आणि तिच्या दोन्ही बाजू दिवसा गुंडाळून वर बांधलेल्या, म्हणजे वारं आरपार जातं. तळाला कडब्याच्या पेंढ्या, त्यांवर सतरंजी, वर वाकळ. केबिनच्या पाठीशी पिठाचा डबा, तिखटमिठाची पिशवी, पाण्याचे दोन जार. फाळका साखळ्यांवर आडवा केला की तोच ओटा. चूल मात्र गाडीपासून दहा पावलं लांब, तीन दगडांची. रात्री आत आजी, सून आणि लेकरं झोपतात, गडीमाणसं बाहेर अंथरूण टाकतात.

याला इथं कोणी काही वेगळं नाव दिलेलं नाही. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, जपानमध्ये याच गोष्टीचा मोठा धंदा आहे: पिकअपच्या हौद्यात बसवायची, हवी तेव्हा उतरवून ठेवायची झोपण्यापुरती खोली, म्हणजे कॅम्पर. धाराशिव जिल्ह्यात छोटा हत्ती (टाटा एस) आणि बोलेरो पिकअप गावोगाव आहेत, जत्रा-यात्रा बारमाही आहेत आणि लॉजचं भाडं परवडत नाही अशी कुटुंबंही भरपूर आहेत. तेव्हा छोट्या पिकअपवर स्वस्त, हलकं, उतरवता येणारं घर जमेल का, हा प्रश्न इथं हौशी पर्यटकाचा नाही. गाडी, वजन, ऊन, कायदा आणि मुक्कामाची जागा अशा पाच बाजूंनी तो अडतो. त्यांतल्या दोनच खऱ्या अवघड आहेत.

चाकांवर संसार ही या भागाला नवी गोष्ट नव्हे. छपराची बैलगाडी घेऊन तुळजापूरला जाणाऱ्या पिढीची आठवण अजून घराघरांत आहे. कळंब, वाशी, भूम या पट्ट्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दर वर्षी दिवाळीच्या सुमारास भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरं ट्रक-ट्रॅक्टरवर लादून निघतात आणि फडाजवळ बांबू, ताडपत्री, पाचटाच्या कोप्या उभ्या करतात. तो प्रवास हौसेचा नाही, त्यावर रम्य काही लिहू नये. पण ताडपत्री कशी ताणायची, दोर कुठं बांधायचा, पाणी कुठं ठेवायचं, याचं जिल्ह्यातलं सर्वांत पक्कं ज्ञान त्या माणसांकडे आहे, एवढं मान्य करायला हवं. कॅम्पर बनवू पाहणाऱ्या तरुणाने आधी टोळीच्या मुकादमाशी बोलावं, मग व्हिडिओ बघावेत.

दुसरं उदाहरण वारीचं, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथंच आहे. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी धाराशिव, तुळजापूर करत सोलापूरकडे उतरते. पैठणहून नाथांची पालखी परंड्यावरून जाते. दिंडीबरोबर ट्रक असतो, टेम्पो असतो. त्यात राहुट्या, कढया, शिधा, वळकट्या. वारकरी चालतात, घर गाडीतून जातं, मुक्कामाला उतरतं, उभं राहतं आणि पहाटे पुन्हा माल होऊन गाडीत चढतं. घर हा गाडीचा भाग नाही, गाडीतला माल आहे. पुढे वजनाचा हिशेब मांडा की कायद्याचा, दर वेळी फिरून याच मुद्द्यावर यावं लागतं.

आधी गाडी. टाटा एस २००५ साली आली, दोन सिलिंडरचं सुमारे ७०० सीसीचं डिझेल इंजिन आणि जेमतेम १६ अश्वशक्ती घेऊन. वजन वाहायची कागदावर ७५० किलोच्या आसपास. हौदा साधारण सात फूट लांब, पावणेपाच फूट रुंद. म्हणजे दोन मोठी माणसं आणि मध्ये एक लेकरू लांबीत नीट झोपतं. त्याच जातीची मारुती सुपर कॅरी. त्यांच्यावरचा वर्ग बोलेरो पिकअप, अशोक लेलँड दोस्त, टाटा इंट्रा यांचा. क्षमता टनाच्या पुढे, हौदा आठ ते दहा फूट, रुंदीही जास्त. तिसरा वर्ग इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स यांचा, शहरात आणि समाजमाध्यमांवर मिरवणारा. गंमत अशी की या महागड्या गाड्यांची कागदावरची वजनक्षमता बोलेरो पिकअपच्या निम्मीही नाही. अमेरिकेत ज्या टोयोटा टॅकोमावर कॅम्पर चढवतात, तिची क्षमताही साधारण पाचशे ते सातशे किलो, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीच्या आसपासच. तेव्हा ‘आपल्या गाड्या लहान पडतात’ ही तक्रार खरी नाही.

जपानची गोष्ट यापेक्षा जवळची. तिथले केई ट्रक म्हणजे ३.४ मीटर लांबीची, १.४८ मीटर रुंदीची, ६६० सीसीची गाडी आणि कायद्याने फक्त ३५० किलो माल. म्हणजे आपल्या एसपेक्षाही लहान. त्यावर तिथले लोक लाकडी, ॲल्युमिनियमच्या खोल्या बसवून देशभर फिरतात. हे जमतं, कारण तिथं उतरवता येणारी खोली माल धरली जाते. वजन ३५० किलोच्या आत, उंची जमिनीपासून अडीच मीटरच्या आत ठेवा, नीट बांधा आणि गाडी चालू असताना आत कोणी बसू नका. हे पाळलं की गाडीच्या नोंदणीला हात लावावा लागत नाही. दिंडीच्या ट्रकचाच हिशेब हा.

आता वजन. इथं जरा रेंगाळावं लागेल, कारण बहुतेक जण इथंच फसतात. ७५० किलो क्षमता आहे, मग हलकं कशाला हवं, असा सवाल वेल्डिंगवाला हमखास करतो. सात फूट बाय पावणेपाच फूट हौद्यावर पाच फूट उंचीची पेटी धरली, तर चार भिंती आणि छत मिळून साधारण दीडशे चौरस फूट होतात. बारा मिलिमीटर प्लायवूडने ते झाकायचं तर आठ बाय चारच्या पाच शीट लागतात आणि नुसत्या प्लायचंच वजन सव्वाशे किलोला भिडतं. पत्र्याच्या पफ पॅनेलने तेवढंच किंवा त्याहून थोडं अधिक. दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती तीन मिलिमीटरची एसीपी शीट घेतली तर पासष्ट किलोच्या आसपास, पण ती स्वतःच्या बळावर उभी राहत नाही, आतून सांगाडा लागतो. आणि जत्रेतल्या त्या पाइपच्या कमानी? चार कमानी आणि त्यांना जोडणाऱ्या तीन आडव्या पाइप मिळून पस्तीस-चाळीस किलो, जाड कापडी ताडपत्री सात-आठ किलो. सगळं मिळून पंचेचाळीस-पन्नास.

फरक नुसत्या किलोंचा नाही. सिमेंटची पोती हौद्याच्या तळाशी बसतात, खोलीचं वजन मात्र वर चढतं. एसची चाकं बारा इंची, दोन चाकांमधलं अंतर कमी. अशा गाडीवर पाच फुटी सपाट भिंत उभी केली की बालाघाटच्या माथ्यावरचं आडवं वारं तिला ढकलतं आणि वळणावर गाडी कलते. तुळजापूरचा घाट चढताना १६ अश्वशक्तीचं इंजिन आधीच दमलेलं असतं. त्यामुळे वजनापेक्षा उंचीची चिंता जास्त करावी. चालताना छत केबिनच्या बरोबरीला आणि मुक्कामाला वर, अशी सोय झाली तर उत्तम. परदेशात हे वर उचलायचं छत लोकप्रिय आहे ते याचसाठी. आपल्याकडे कमानीचे पाय एकात एक सरकणाऱ्या दोन मापांच्या पाइपांचे केले आणि आरपार पिन घातली की तेच काम होतं. गावच्या फॅब्रिकेशनवाल्याला हे दोन दिवसांचं काम आहे.

बाकीचं सामान जोडत जाऊ. पाण्याचे दोन जार चाळीस किलो, ते नेहमी तळाशी आणि केबिनच्या बाजूला. पाच किलोचा छोटा सिलिंडर भरलेला साधारण बारा किलो. दिव्याला, पंख्याला आणि मोबाइलला शंभर वॉटचं सोलर पॅनेल सात-आठ किलो. बॅटरी घरच्या इन्व्हर्टरची उचलून आणली तर पंचावन्न-साठ किलो. लिथियमची घेतली तर अकरा-बारा, पण महाग. फोल्डिंग पलंग दहा-बारा किलोचा, पण त्यापेक्षा हौद्यात पत्र्याच्या दोन पेट्या आणि त्यांवर फळ्या बऱ्या, सामान आणि अंथरूण दोन्ही सुटतं. भांडी, धान्य, पांघरुणं धरून चाळीस. लिथियमची बॅटरी धरली तर एकूण दोनशे किलोच्या आत राहतं. पाइप, मजुरी, ताडपत्री मिळून वीस-तीस हजारांच्या घरात हे बसावं. एसीपीची बंद पेटी आतल्या सांगाड्यासकट लाखाच्या पुढे जाते.

हलकेपणाचं आणखी एक कारण आहे, आणि ते कुठल्या परदेशी पुस्तकात सापडणार नाही. इथली पिकअप हप्त्यावर घेतलेली असते. सोमवारी तिला कांदा मार्केटला न्यायचा असतो, मंगळवारी शेळ्या, बुधवारी कुणाच्या लग्नाचा मंडप. वर्षातले दहा-पंधरा दिवस फिरण्यासाठी उरलेले साडेतीनशे दिवस हौदा अडवणारी खोली कुणाला परवडणार? दोघा-तिघांना अर्ध्या तासात उतरवता आली पाहिजे आणि गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवता आली पाहिजे. महिंद्राने जानेवारी २०२२ मध्ये कॅम्परव्हॅन फॅक्टरी या आयआयटी मद्रासच्या आधाराने वाढलेल्या कंपनीशी करार केला आणि बोलेरो कॅम्पर गोल्डवर चौघांच्या झोपण्याची, बायोटॉयलेट-शॉवरसकटची गाडी जाहीर केली. कल्पना चांगली, कारण बोलेरो कॅम्परला दुहेरी केबिन असते, माणसं कायदेशीर पुढे बसतात. पण ती गाडी एकदा घर झाली की घरच राहते. पर्यटन कंपनीला ती शोभते, कळंबच्या शेतकऱ्याला नाही.

उन्हाचा प्रश्न लोक विसरतात, कारण कॅम्परचे फोटो थंड देशांतले असतात. धाराशिवला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि येरमाळ्याची यात्रा नेमकी तेव्हाच येते. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर उमरगा आणि लोहारा भागातल्या ज्या कुटुंबांनी तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले, त्यांना दुपारच्या पत्र्याबद्दल काही सांगावं लागत नाही. बंद पत्र्याची पेटी दिवसा उभी केली की रात्री दहापर्यंत आत पाय ठेववत नाही. पफ पॅनेल उष्णता अडवतं खरं, पण आत माणसांची ऊब कोंडली की त्याला एसी लागतो, एसीला हजार वॉट लागतात आणि शंभर वॉटचं पॅनेल तिथं हात टेकतं. इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं, किंवा बंद हौद्यात शेगडी पेटवणं, हे तर जिवावरचं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. आपल्या हवेला दुहेरी छत बरं: खाली ताडपत्री, वर हातभर अंतर सोडून पांढरं कापड किंवा शेडनेट, आणि मध्ये वाहतं वारं. बाजू उघड्या आणि त्यांना मच्छरदाणीची जाळी. आषाढात वारीच्या वाटेवर पाऊस गाठतो तेव्हा शेडनेट काढायचं, ताडपत्रीच्या शिवणींना मेण लावायचं आणि कमानीला मध्ये उंचवटा ठेवायचा, नाहीतर पाण्याची पोटं धरतात.

आता पहिली खरी अडचण, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाने करू नये. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम जसंच्या तसं उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा फेरफाराला प्रत्येकी पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. क्षमतेपेक्षा जास्त वजन सापडलं तर वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. म्हणजे हौद्याच्या पट्ट्या कापून, चेसिसला पाय वेल्ड करून, पाट्यांत एक पाटा वाढवून बनवलेली खोली एमएच-२५च्या पासिंगला गेली की अडकणार. खासगी कॅम्पर व्हॅन असा नोंदणीचा वर्ग आपल्याकडे आहे, मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे तांत्रिक मानकही आहे. पण ती वाट कारखान्यांची, तपासणी संस्थांची, मोठ्या खर्चाची. एका गाडीसाठी तिच्या नादी लागू नये.

याहून गंभीर गोष्ट माणसांची. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे आणि जत्रेच्या दिवशी सगळे ते विसरतात. पिकअप उलटल्याच्या बातम्यांत मरणारे बहुधा हौद्यातलेच असतात. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या माणसाची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. कंपनीने हात वर केले की दावा मालकावर येतो, आणि मालकाकडे विकायला ती पिकअप आणि दोन एकर रानच असतं. ताडपत्री टाकली, गादी अंथरली म्हणून हौदा बस होत नाही. उलट आत बसणाऱ्यांचा भरवसा वाढतो आणि धोकाही. कॅम्परच्या नावाखाली लेकराबाळांना हौद्यात बसवून नेणारा उपाय कितीही स्वस्त असला तरी तो मी या आढाव्यात उपाय म्हणून मोजत नाही. माणसं एसटीने जावीत, जीपने जावीत, मोटारसायकलवर जावीत. हौदा मुक्कामाच्या जागी भेटावा.

मग दोरांनी, साखळीने, टर्नबकलने बांधलेली, वेल्डिंगचा एक टाकाही न लावलेली खोली ही माल की फेरफार? आपल्या नियमांत जपानसारखी सरळ वाट आखलेली नाही. कमानी-ताडपत्रीची सवय निरीक्षकांच्या डोळ्यांना आहे, कारण माल झाकायला ती लागतेच. बंद पेटीबद्दल मात्र आधीच आरटीओत जाऊन विचारलेलं बरं. माल बाजूंनी किंवा मागे बाहेर निघता कामा नये, मागचा दिवा आणि नंबरप्लेट झाकता कामा नये, हे पाळलं की अर्धी कटकट मिटते.

दुसरी खरी अडचण मुक्कामाची जागा, आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात पाणी, वीज, स्वच्छतागृहं असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. धाराशिव जिल्ह्याला याची गरज किती आहे ते नकाशा पाहिला तरी कळतं. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग ५२ तुळजापूर, धाराशिव, येडशी करत वर जातो. पुणे-हैदराबादचा ६५ क्रमांकाचा महामार्ग नळदुर्ग, उमरगा करत पुढे जातो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आणि पावसाळ्यातले नर-मादी धबधबे, परंड्याचा भुईकोट, तेरचं गोरोबाकाकांचं मंदिर आणि लामतुरे संग्रहालय, धाराशिवची लेणी, येडशीचं रामलिंग. एवढी ठिकाणं दोन-तीन दिवसांत उरकतात, फक्त रात्री कुठं थांबायचं हा घोळ. रामलिंगचा परिसर अभयारण्यात येतो, तिथं वाटेल तिथं मुक्काम टाकता येत नाही. तुळजापुरात नवरात्रात आणि कोजागिरीला सोलापूरहून चालत येणाऱ्यांसाठी रस्त्यावरची वाहतूक वळवतात, गाड्या गावाबाहेर थांबवतात, आणि ते योग्यच आहे.

पण गावाबाहेरचं ते वाहनतळ म्हणजे बहुतेक वेळा दगडगोटे आणि धूळ. पुरुषांचं भागतं. बायकांसाठी मुक्काम कुठं करायचा हे ताडपत्रीवर ठरत नाही, शौचालयावर ठरतं. म्हणून अनुभवी ड्रायव्हर महामार्गावरचा पेट्रोल पंप किंवा ओळखीचा ढाबा गाठतात: दिवा असतो, नळ असतो, रात्रभर माणूस जागा असतो. आजच्या घडीला जिल्ह्यातला सर्वांत चांगला कॅराव्हॅन पार्क हाच आहे, हे जरा लाजिरवाणं आहे. तुळजापूर, येरमाळा, तेर आणि नळदुर्ग इथं एकेक एकर मुरूम टाकून सपाट केलेली जागा, चार नळ, दिवे आणि बायकांसाठी वेगळी, कडी लागणारी स्वच्छतागृहं, रात्रीचे पन्नास-शंभर रुपये. हे काम नगरपरिषद, ग्रामपंचायत किंवा देवस्थान यांच्या आवाक्यातलं आहे. जत्रा नसेल तेव्हा तिथं आठवडी बाजार भरेल. पर्यटन विभागाने आलिशान व्हॅनच्या उद्घाटनाआधी हे केलं तर पैसा सत्कारणी लागेल.

तोवर ज्याच्या दारात छोटा हत्ती किंवा पिकअप आहे, त्याने बंद पेटीच्या मोहात पडू नये. पिन लावून वर-खाली होणाऱ्या कमानी, चांगली कापडी ताडपत्री, वर शेडनेट, तळाला दोन पेट्या, एक दिवा, एक पंखा एवढं पुरेसं आहे. व्ही-क्रॉस किंवा हायलक्सवाल्यांची गोष्ट निराळी. त्यांनी बाजारात मिळणारा छतावरचा तंबू घ्यावा आणि सुखाने जावं, मात्र त्यांची वजनक्षमता कमी आहे हे विसरू नये. आणि निघण्याआधी एक काम करावं. या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, बाजार समित्या आहेत, म्हणजे वजनकाटा कुठंतरी जवळच असणार. पाणी, गॅस, अंथरुणं सगळं चढवून गाडी एकदा काट्यावर घ्या, पावती घ्या आणि तिच्यावरचा आकडा आरसी बुकातल्या आकड्याशी ताडून पाहा.